पाचवीतला मुलगा: तोंडी हिशोब पक्का, पेपर कोरा. बुद्धिमत्ता चाचणी नेमकं काय मोजते?

सांगोल्याच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी सांगोला तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. पट एकतीस. फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा आहे आणि वरून हुकूम असा की वर्गाच्या तीन याद्या करा. एक नक्की निकाल देणाऱ्यांची, दुसरी काठावरच्यांची, आणि तिसरी, जिला कागदावर नाव नाही पण स्टाफरूममध्ये सगळे तिला 'राहू द्या' यादी म्हणतात. पहिल्या दोन करून झाल्या. तिसरीत एका मुलाचं नाव घालायला हात धजत नाही.

त्याला इथे गणू म्हणू, नाव बदललंय. वाचन दुसरीच्या पोराइतकं. 'शेतकऱ्याने' दिसलं की 'शेतकरी' म्हणून पुढे पळतो, जोडाक्षर आलं की मान खाली. 'पर्यावरण' त्याच्या वहीत 'परवरण' होतं, खाली दोन ओळींवर त्याचंच 'पयारवण'. मराठीच्या सराव पेपरात दोन आकडी गुण नाहीत. तेव्हा सगळ्यांच्या मते तिसऱ्या यादीत त्याची जागा पक्की.

आता हे बघा. त्याचे वडील डाळिंबाच्या व्यापाऱ्याकडे कॅरेट भरायला जातात, सुट्टीत गणूही जातो. मधल्या सुट्टीत मी त्याला सहज विचारलं, वीस किलोचं कॅरेट, ९५ चा भाव, सतरा कॅरेट गेले, किती झाले? त्याने छताकडे बघितलं आणि म्हणाला, "एकाचे एकोणीसशे. वीस कॅरेटचे अडतीस हजार. त्यातले तीन नाहीत, सत्तावन्नशे कमी. बत्तीस हजार तीनशे." मी फळ्यावर मांडून पडताळा घेईपर्यंत तो खिचडीच्या रांगेत जाऊन उभा होता. दुपारी तोच गुणाकार वहीत उभा मांडून दिला, १९०० गुणिले १७. हातच्यांच्या भानगडीत उत्तर वीस हजारांच्याही आत आलं, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही!

बुद्धिमत्तेच्या सराव पेपरातही असंच. आरशातली प्रतिमा, घडी घालून भोकं पाडलेला कागद, गटात न बसणारी आकृती, जवळजवळ सगळं बरोबर. रांगेत पुढून सातवा आणि मागून बारावा, दिशा, सांकेतिक भाषा, नातीगोती, इथे मात्र उत्तरांचे गोळेच रंगवलेले नाहीत.

उलट वर्गात पहिली येणारी मुलगी. अक्षर सुरेख, पाठांतर चोख, पण पुस्तकातलं उदाहरण जरा फिरवून दिलं की "बाई, हे शिकवलं नाही". तिच्याबद्दल कुणाला शंका नाही. अजून एक मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाते ती शिमग्याच्या आसपास उगवते. तिसऱ्या यादीत तिचं नाव माझ्या आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय.

तर जाणकारांनी सांगा, ही चाचणी मोजते तरी काय? प्रशिक्षणात आम्हाला मुलांची दृक्, श्राव्य आणि कृतिशील अशी वाटणी करायला लावली होती, त्याचा इथे काही उपयोग आहे का? आणि गावात सध्या एक गृहस्थ फिरतायत, बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी कोणत्या प्रकारची ते सांगतात, अडीच हजार रुपये. एका घरी मी तो रंगीत अहवाल पाहिला, चाळीसेक पानं. गणूची आई मला विचारत होती, "करू का बाई?" तिची आठवड्याची मजुरीही तेवढी होत नाही.

सराव_संच

बाई, मी शिष्यवृत्ती आणि नवोदयचे क्लास घेतो, त्यामुळे माझं बोलणं धंद्याचं वाटेल, वाटू द्या. दुसऱ्या पेपरातले बुद्धिमत्तेचे ५० प्रश्न म्हणजे १०० गुण, आणि ते सरावाचे गुण आहेत. जूनमध्ये आलेल्या पोराला घडीचा कागद कळत नाही. त्याच्या हातात खरा कागद द्या, घडी घालायला लावा, पंचिंग मशीनने भोक पाडा, उलगडा. आठ-दहा वेळा केलं की पुढे डोळ्यांनीच दिसायला लागतं. सांकेतिक भाषेचं तर गणितच ठरलेलं असतं, अक्षरांखाली क्रमांक लिहायची सवय लावली की झालं. जी गोष्ट शिकवून एवढी वाढते ती जन्मजात बुद्धी मोजते असं मी तरी माझ्या पालकांना सांगत नाही. (जाहिरातीत काय लिहितो ते विचारू नका.)

पण याद्यांच्या बाबतीत मी मुख्याध्यापकांच्या बाजूने आहे. एक शिक्षक, एकतीस पोरं, हातात चार महिने. सगळ्यांवर सारखा जोर लावलात तर कुणाचंच काही होणार नाही. नवोदयला एका जिल्ह्यात ८० जागा असतात, तिथे भावनेला जागा नाही.

संत्रानगरी

बाई, तुम्ही आकृत्यांचे आणि शब्दांचे प्रश्न वेगळे करून पाहिलेत, तिथेच अर्धं काम झालं. मी नागपूरची. मुलांच्या चाचण्या घेण्यातच नोकरी गेली, म्हणून जरा लांबण लागेल.

पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमॉन यांनी १९०५ साली पहिली चाचणी केली, ती कुणाला बाजूला काढायचं हे ठरवायला नव्हे. सक्तीच्या शिक्षणामुळे शाळेत सगळी मुलं यायला लागली होती, त्यातल्या कुणाला जास्तीची मदत लागेल ते ओळखायचं होतं. बुद्धी एकदा मोजली की जन्मभर तेवढीच, असं बिनेचं म्हणणं नव्हतं, उलट या समजावर तो चिडायचा. एका आकड्याचा आयक्यू (बुद्ध्यांक, सरासरी मूल म्हणजे १००) नंतर आला. कल्पना १९१२ ची, जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्नची, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मनने बिनेच्या चाचणीला तो जोडून गाजवला. आपल्याकडे धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी बिनेची चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली, तिच्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० चं. आणि १९६९ मध्ये आर्थर मॅलिन यांनी आमच्या नागपुरात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्स्लरच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी जी केली, ती मी सगळ्यात जास्त वापरली. सरकारी दवाखान्यांत आजही तीच पेटी निघते.

तिचे दोन भाग. एकात शब्दांचं काम: माहिती, समज, तोंडी गणित, साम्य सांगणं, शब्दसंग्रह, ऐकलेले अंक सरळ आणि उलटे म्हणून दाखवणं. दुसऱ्यात हाताचं काम: चित्रातलं काय राहिलंय ते ओळखणं, लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी, तुकडे जुळवणं, खुणांची नक्कल, कागदावरचे भूलभुलैये. लक्षात घ्या, यात मुलाला वाचावं लागत नाही. मी बोलते, तो बोलतो किंवा करून दाखवतो. शिष्यवृत्तीचा पेपर मात्र छापील असतो. गणूसारख्याला तो आधी वाचनाची परीक्षा आणि वेळ उरला तर बुद्धीची. म्हणून माझी पहिली सूचना अशी, बिनखर्चाची: जे शब्दांचे प्रश्न त्याने कोरे सोडले, ते नवे घेऊन तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, हवं तर दोनदा. खाणाखुणा नाहीत, मदत नाही. काय होतं ते इथे सांगा.

आकड्याबद्दल एक पाहिलेलं सांगते. ठोकळ्यांच्या नक्षीला वेळ लावलेली असते. एक मुलगा प्रत्येक ठोकळा उचलून आधी सगळ्या बाजू फिरवून बघायचा, मग जागेवर ठेवायचा. एकही ठोकळा त्याने ठेवून परत उचलला नाही. शेवटचा ठोकळा बसला तेव्हा वेळ संपून चार सेकंद झाले होते. नक्षी बिनचूक, नियमाने शून्य. शेजारच्या खोलीत दुसऱ्याने तीच नक्षी धडपडत, चारदा मोडून वेळेत लावली आणि पूर्ण गुण घेतले. अहवालात दोघांचे आकडे गेले. मी समासात लिहायची, 'काम सावकाश, चूक नाही', पण पालक समास वाचत नाहीत.

शिवाय आकडा हा टिंब नसतो, पट्टा असतो. ९२ आला म्हणजे मूल ८७ ते ९७ मध्ये कुठेतरी आहे. आणि तुलना जुन्या काळच्या मुलांशी होते. जेम्स फ्लिनने १९८४ मध्ये दाखवून दिलं की एकाच चाचणीवर पिढ्यांचे गुण चढत जातात, दशकाला साधारण तीन. चाचणीची मानकं जुनी असतील तर आजच्या मुलाचा आकडा फुगून येतो. घराघरांत फिरणाऱ्या '१३० आयक्यू'च्या कौतुकात ही हवा बरीच असते.

दृक्-श्राव्य-कृतिशील वाटणी सोडून द्या. मुलांना आवडीनिवडी असतात, पण 'दृक्' मुलाला चित्रांतून आणि 'श्राव्य' मुलाला ऐकवून शिकवलं की जास्त शिकतात, याचा पुरावा आहे का, ते चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये नीट तपासलं. धड पुरावा सापडला नाही. नकाशा सगळ्यांना बघूनच कळतो आणि कविता सगळ्यांना ऐकूनच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तांचा (बुद्धी एक नसून अनेक प्रकारच्या असतात, या मताचा) आपल्या प्रशिक्षणांत फार बोलबाला. मूल एकाच मापाने तोलू नका हे तो सांगतो ते मला मान्य, पण त्या सात-आठ बुद्धिमत्ता एकमेकींपासून सुट्या आहेत हे सिद्ध झालेलं नाही.

आणि ठशांचे अडीच हजार त्या माउलीला अजिबात घालवू देऊ नका. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात चार-पाच महिन्यांतच ठरतात. त्यावरून पाचवीतल्या मुलाचं वाचन कसं कळणार? या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही सांगितलेलं आहे.

सराव_संच, तुमचा कागदाचा उपाय आवडला, मी पण मुलांना घड्या घालायला लावायची. यादीबद्दल मात्र मतभेद. मुलांच्या याद्या करण्यापेक्षा कामाच्या करा: कुणाला जोडाक्षरं, कुणाला हातचे, कुणाला फिरवलेली उदाहरणं. एकच मूल दोन याद्यांत येईल, आणि पहिली येणारी मुलगीही एका यादीत सापडेल.

अक्राणी_मास्तर

मावशी, तुमच्या 'साम्य सांगणं'वर. मी धडगावकडे आहे, पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. वर्गीकरणाचा प्रश्न होता: कुऱ्हाड, विळा, करवत, लाकूड. गटात न बसणारं कोणतं? एक पोरगी काही केल्या गोल करेना. मी म्हटलं, अगं तीन हत्यारं आहेत. ती म्हणाली, "पण लाकूड नसलं तर ती घेऊन जायचं कशाला?" मला उत्तर सुचलं नाही, अजून नाही सुचलेलं.

आमच्याकडे पहिलीत आलेलं पोर मराठी चाचणीत गप्प बसतं आणि 'अप्रगत'चा शिक्का खातं. तोच प्रश्न पावरीत विचारला की घडाघडा बोलतं. मी आता वर्गात चौथीच्या एका मुलालाच दुभाषी केलाय. निकाल कागदावर फार बदलला नाही, कारण वरून येणारा पेपर मराठीतच येतो, पण मला तरी कळतं की कुणाला येत नाही आणि कुणाला फक्त मराठी येत नाही.

संत्रानगरी

मास्तर, तुमची पोरगी एकटी नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात गेला होता. त्याने शेतकऱ्यांना हातोडा, करवत, ओंडका, कुऱ्हाड अशीच चित्रं दाखवली. शाळा न पाहिलेले शेतकरी ओंडका बाहेर काढायला तयार होईनात, तो नसेल तर बाकीच्यांचं काम काय, असं त्यांचं म्हणणं. थोडी शाळा शिकलेले मात्र पटकन 'हत्यारं' म्हणून मोकळे. म्हणजे आपण ज्याला बुद्धी म्हणून गुण देतो त्यातला बराच भाग शाळेत लागलेलं वळण असतं. सहा लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये जो अभ्यास झाला, त्यात शाळेच्या एकेका वर्षामागे आयक्यू एक ते पाच गुणांनी वाढलेला दिसला. बाई, तुमच्या कोयत्यावरच्या मुलीला हे लावून बघा. दर वर्षी तिची निम्मी शाळा बुडते. तिला अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं) आहे का, हा प्रश्न आत्ता विचारताच येत नाही. शिकायला मिळालंच नाही त्याला अक्षमता म्हणत नाहीत. तिच्या नावापुढे काही लिहायचंच असेल तर बुडलेले महिने लिहा.

पर्वती_पायथा

अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, मुलांचं मानसशास्त्र माझा प्रांत नाही, पण गणूचं डाळिंब वाचून राहवलं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवर १९८५ मध्ये छापलेला एक गाजलेला अभ्यास आहे. गिऱ्हाईक होऊन विचारलेले हिशोब मुलांनी ९८ टक्के बरोबर केले, तेच आकडे कागदावर नुसते गणित म्हणून दिले तर ३७ टक्के. एका बारा वर्षांच्या मुलाला दहा नारळांची किंमत विचारली, एक ३५ ला. तो म्हणतो, तीनचे १०५, अजून तीनचे २१०, असं करत ३१५ आणि मग ३५०. शेवटी शून्य लावायचा शाळेतला नियम त्याच्या गावीच नाही. तुमचा गणू वीसवर जाऊन तीन वजा करतो, त्याचंच भावंड.

याच्या पुढचा भाग २०२५ चा आणि आपल्या देशातला. अर्थशास्त्रज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर काम केलं. बाजारातली मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडली, हे अपेक्षितच. पण शाळेत जाणारी आणि बाजारात काम न करणारी मुलं बाजारातल्या हिशोबांत तशीच अडली. म्हणजे पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे. तुमची "हे शिकवलं नाही" म्हणणारी मुलगी मला या दुसऱ्या बाजूला दिसते.

ठाकुर्लीची_आई

माझा मुलगा आता नववीत आहे. त्याला लेखन अक्षमता आहे, प्रमाणपत्र आहे. बाई, तुम्ही जे लिहिलंय तेच शब्द मी पहिलीपासून ऐकले: हुशार आहे हो, पण आळशी आहे. एका शाळेत तर 'घरी लक्ष द्या' हे दर महिन्याला वहीत लाल शाईने यायचं, आणि घरी लक्ष देऊन देऊन आम्हा दोघांचं रडणं व्हायचं.

चाचणी झाली तेव्हा शाब्दिक भागात ११८ आणि कृतीच्या भागात ८९ आले. दोन्हींची सरासरी करून खाली लिहिलं १०४, सर्वसाधारण. शाळेने तेवढंच वाचलं. 'सर्वसाधारण आहे ना, मग सवलत कशाला?' खरी गोष्ट वरच्या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत होती. पोरगा तोंडी बोलतो तेव्हा मोठ्या माणसासारखा, आणि खुणांची नक्कल करायला दिली तर पेन्सिल एवढी दाबून धरतो की दुसऱ्या ओळीला बोटं पांढरी. तो विचार करत नव्हता असं नाही, त्याचा हात मागे पडत होता.

प्रमाणपत्राचं सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, त्यामुळे कुणी 'असं काही नसतं' म्हटलं तर घाबरू नका. आपल्या राज्यात तर दहावीला सवलती १९९६ पासून आहेत. मूल आठ वर्षांचं झाल्यावरच प्रमाणपत्र मिळतं. जादा वेळ तासाला वीस मिनिटं, गरज असेल तर लेखनिक. आमच्या मुलाला वेळेचाच सगळ्यात उपयोग झाला. मुंबईत सायन, नायर, केईएम इथे यासाठी सोय आहे, पण तारीख मिळायला वेळ लागतो. तुमच्याकडे कसं असतं ते संत्रानगरी मावशी सांगतील.

सांगोल्याच्या_बाई

सगळ्यांचे आभार. मावशींनी सांगितलं तसं करून बघितलं. नव्या पेपरातले वीस शब्दप्रश्न घेतले, गणूला आधी एकट्याला सोडवायला दिले. सहा बरोबर, त्यातले दोन नशिबाने असावेत. दोन दिवसांनी त्याच जातीचे दुसरे वीस मी वाचून दाखवले. पंधरा बरोबर. दिशेच्या प्रश्नांत तर तो खुर्चीवरून उठून स्वतः वळून बघत होता, तेवढं मी चालू दिलं. नात्यांच्या प्रश्नांत चुकला, 'आत्याच्या नवऱ्याच्या मेहुण्याची मुलगी' ऐकता ऐकता पुढचं विसरत होता.

मुख्याध्यापकांना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "पण परीक्षेत तुम्ही वाचून दाखवायला नसणार." तेही खरंच आहे. आता विचारायचंय ते हे: प्रमाणपत्र येईपर्यंत परीक्षा होऊन जाईल. तोवर वर्गात त्याच्याशी काय करू? आणि ठसेवाले गृहस्थ गावातून गेले, जाण्याआधी गणूच्या आईकडून काही घेऊन गेले नाहीत.

संत्रानगरी

सहाचे पंधरा! बाई, हा कागद जपून ठेवा, मोठ्या अहवालाच्या तोडीचा आहे.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. लहानपणी कान वाहत होता का ते आईला विचारा. मग तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना बोलवा. जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जायची वाट तेच दाखवतील. तिथे आधी बुद्धिमत्ता चाचणी होईल. २०१८ च्या केंद्राच्या सूचनांत आकडा ८५ च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेची पुढची तपासणी करायची, असं होतं. ८५ च्या खाली आणि ७० च्या वर जी मुलं असतात त्यांना कुठलंच प्रमाणपत्र मिळत नाही, मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. हिशोबाने शंभरात तेराचौदा, म्हणजे तुमच्या पटावर चारेक. त्यांच्यासाठी अर्ज नाही, सवलत नाही, आहे ती फक्त त्यांची बाई. गणू त्यांच्यातला वाटत नाही.

मुलांच्या वाचन अक्षमतेच्या तपासणीसाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाची साधनं केली आहेत, मराठीतही आहेत, विशेष शिक्षकांना विचारून बघा. ह्रस्व-दीर्घाच्या चुका मोजू नका, त्या आपण सगळेच करतो. अक्षर गळणं, अक्षरांची अदलाबदल, एकच शब्द एका पानावर दोन तऱ्हांनी, हे मोजा. तुमचा 'परवरण' आणि 'पयारवण' त्यातलाच.

तोवर वाचन रोज, थोडं, आणि त्याच्या ओळखीच्या कागदावर. वडिलांकडून विक्रीची जुनी पट्टी मागवा. आडत, हमाली, तोलाई, एकूण वजन, वजा खर्च. अर्थ त्याला पाठ आहे, नजर फक्त अक्षरांवर राहील. एक पट्टी आज, तीच उद्या, तीच परवा, मग नवी. जोडाक्षरं फोडून लिहा, म्हणायला लावा, परत जोडा. गणितात त्याची तोंडी रीत मोडू नका. तो बोलेल तशी ओळीखाली ओळ तुम्ही लिहा: वीसचे ३८,०००, तीनचे ५,७००, वजा. मग शेजारी उभा गुणाकार मांडा आणि विचारा, यातला कोणता आकडा तुझ्या रीतीत आहे? हातच्याच्या आधी अंदाज लिहायला लावा. वीस हजारांच्या आतलं उत्तर मग त्यालाच खटकेल.

लांबलचक नात्यांत तो हरवतो, कारण ऐकलेलं डोक्यात धरून ठेवायची जागा त्याची कमी असावी. रेघा मारून नाती काढायला शिकवा, तोंडी नको.

सराव_संच

नात्यांसाठी: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायको आडव्या रेघेने, मुलं खाली. तीन दिवसांत जमतं. बाई, पत्ता कळवा, आकृत्यांचे जास्तीचे संच पाठवतो, पैसे नकोत. आणि गणूला परीक्षेला बसवाच. आकृत्या आणि गणितातले सोपे हिशोब आधी सोडव म्हणावं, लांब वाक्यांचे शेवटी. प्रश्न क्रमाने सोडवायचा नियम कुठेही नाही, पोरांना मात्र तो आहे असंच वाटतं. फक्त उत्तरपत्रिकेत गोळा त्याच क्रमांकापुढे पडतोय ना ते घरी दहा वेळा करून घ्या, प्रश्न सोडून पुढे जाणारी पोरं तिथेच घसरतात.

ठाकुर्लीची_आई

बाई, तपासणीला पाठवाल तेव्हा जुन्या वह्या बरोबर द्या, दुसरी-तिसरीपासूनच्या मिळाल्या तर उत्तम. नीटनेटक्या केलेल्या नकोत, जशा आहेत तशा. तुमचे ते दोन कागद, शाळेचं पत्र, आधार कार्ड, फोटो. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, तिथली मशीन बंद असते. एका फेरीत होत नाही, हे आईला आधीच सांगा, नाहीतर तिची मजुरी बुडते आणि दुसऱ्या तारखेला ती येत नाही. आम्हाला आतल्या ताई सारखं विचारायच्या, घरी काय काय करतो? तेव्हा गणूच्या आईने लाजू नये, डाळिंबाचं सगळं सांगावं.